चढणीचे मासे आणि प्रवाळावरची सोयरीक

खानापूर तालुक्यात कणकुंबीला पडणाऱ्या पावसाच्या दोन वाटा आहेत. एका उतारावरचं पाणी मलप्रभेतून कृष्णेत आणि पुढं बंगालच्या उपसागराला मिळतं. पलीकडच्या उताराचं कळसा नाल्यातून म्हादईत, तिथून अरबी समुद्रात. मिरगाच्या पुरात चढणीचे मासे ओढ्यात शिरतात, पण मधली डोंगरधार त्यांना ओलांडता येत नाही. अशा दोन पाण्यांतली एकाच जातीची कुळं पिढ्यान्‌पिढ्या वेगळी राहिली की त्यांच्या जनुकांतही फरक साठत जातो.

समुद्रात अशी धार नाही. प्रवाळावरचे मासे मोठेपणी फारसे हलत नाहीत, मात्र पिल्लं प्रवाहाबरोबर वाहतात. क्लाउनफिशची पिल्लं, जेमतेम तांदळाच्या कणीएवढी, दहा-बारा दिवस उघड्या पाण्यात असतात. काही जातींची कित्येक आठवडे. ती दूरदूर विखुरत असणार, असंच बराच काळ मानलं जाई.

ढोमा खाणाऱ्यांना त्याच्या डोक्यात सापडणारा पांढरा खडा ठाऊक असेल. तो कानातला खडा, आणि झाडाच्या खोडासारखी त्यात वाढीची वलयं असतात. ऑस्ट्रेलियातल्या लिझार्ड बेटाजवळ संशोधकांनी एका कोटीहून अधिक अंड्यांतल्या भ्रूणांच्या या खड्यांवर रसायनानं खूण केली. नंतर पकडलेल्या 5,000 पिल्लांपैकी 15 जणांत ती सापडली. आकडा लहान वाटतो, पण खूण मुळात थोड्याच अंड्यांवर होती. तो हिशेब धरून 1999 मध्ये अंदाज निघाला की 15 ते 60 टक्के पिल्लं जन्मगावीच परतत असावीत. मला हा शोध अजूनही थक्क करतो.

पुढं डीएनएवरून पिल्लांचे आईबाप ओळखता येऊ लागले. ओमानच्या किनाऱ्यावर 2014 च्या अभ्यासात सुमारे 6 टक्के क्लाउनफिश तब्बल 400 किलोमीटरवरून आलेले निघाले. म्हणजे बरीच पिल्लं घराजवळ राहतात आणि थोडी फार लांब जातात.

इथं एक गफलत होते. दोन प्रवाळांवरच्या माशांची जनुकं सारखी दिसली, की एकीकडचे मासे संपले तरी दुसरीकडून भरपाई होईल असं वाटतं. तसं नसतं. जनुकं सारखी राहायला पिढीमागं मोजके पाहुणे पुरतात. आपल्याकडं खानापूर आणि चंदगडच्या गावांत पिढीला एखादी सोयरीक झाली तरी नातं टिकतं. पण सुगीला भात कापायला लागणारी माणसं तेवढ्यातून मिळत नाहीत. ओरबाडलेल्या प्रवाळावर पुन्हा मासे भरायचे तर पिल्लं दरवर्षी, भरपूर यायला हवीत, आणि ती मुख्यतः जवळूनच येतात.

म्हणून राखीव क्षेत्रं एकमेकांपासून किती लांब असावीत, हा प्रश्न महत्त्वाचा. ऑस्ट्रेलियातल्या केपल बेटांजवळ प्रवाळाचा 28 टक्के भाग मासेमारीला बंद होता. 2012 मध्ये दिसलं की 30 किलोमीटरच्या परिसरात वसलेल्या दोन जातींच्या पिल्लांपैकी निम्मी त्याच राखीव भागातल्या माशांची होती. बंद कुंपणातली पैदास आजूबाजूच्या कोळ्यांच्या जाळ्यापर्यंत पोचत होती.