पिकअप (शेतमाल वाहतूक)

साधारण एक ते दोन टन माल नेणारी, पुढे केबिन आणि मागे उघडा हौदा असलेली चारचाकी मालवाहू गाडी. विदर्भात छोटा हत्ती (टाटा एस) आणि आयशरसारखा ट्रक यांच्यामधली ही गाडी. कापूस जिनिंगला, सोयाबीन-तूर बाजार समितीत आणि वरुड, मोर्शी, काटोलकडची संत्री मंडईत बहुतांशी हिच्यातूनच जातात. बोलेरो पिकअप (2.5 लिटर डिझेल) आणि टाटा योद्धा (2.2 लिटर डिझेल) ही ओळखीची नावे.

गाडीच्या नावापुढचा 1.3, 1.5 किंवा 1.7 हा आकडा मालाची क्षमता टनांत सांगतो, पण सगळी क्षमता मालाला मिळत नाही. समजा, आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) भरलेल्या गाडीचे वजन 3,490 किलो आणि रिकाम्या गाडीचे 1,790 किलो आहे. फरक 1,700 किलो. त्यातून चालक व हमालाचे 140 आणि नंतर बसवलेली लोखंडी जाळी व केरिअर यांचे 120 वजा केले की 1,440 किलो उरतात, म्हणजे 22 किलोचे सुमारे 65 भरलेले संत्रा क्रेट. जाळी जड बनवून घेणे म्हणजे दर फेरीला माल कमी नेणे.

कापसात आधी जागा संपते, सोयाबीनमध्ये आधी वजन. नऊ फूट लांब, साडेपाच फूट रुंद आणि दीड फूट उंच फाळक्यांचा (बाजूच्या फळ्यांचा) हौदा सुमारे 74 घनफुटांचा होतो. सुटे सोयाबीन घनफुटाला 21 किलोच्या आसपास भरते, म्हणजे फाळक्याच्या काठाशी आले की दीड टन झालेच. त्यामुळे कापूसवाल्याने लांब हौदा आणि उंच जाळी घ्यावी. धान्यवाल्याला मजबूत कमानपाटे (चाकांवरचे स्प्रिंगचे पोलादी पाटे) आणि जाड टायर जास्त उपयोगी.

माल जास्त बसावा म्हणून मागे एक पाटा वाढवून घेण्याची पद्धत सर्रास आहे. ती घातक आहे. पाटे दबत नाहीत, पण तोच भार एक्सल, हबचे बेअरिंग आणि चासीवर जातो. शिवाय ज्या गाड्यांत मागच्या ब्रेकचा दाब भारानुसार बदलणारा व्हॉल्व्ह असतो, तिथे हौदा कमी दबल्याने व्हॉल्व्हला गाडी हलकी भासते आणि भरल्या गाडीचे मागचे ब्रेक कमी लागतात. पाटे काढल्यावर किंवा नवे बसवल्यावर पहिल्या भरलेल्या फेरीनंतर यू-बोल्ट (पाटे एक्सलला आवळणारे बोल्ट) पुन्हा आवळावेत. ते सैल राहिले तर पाटे एकमेकांवर सरकतात, सेंटर बोल्ट तुटतो, एक्सल मागेपुढे होतो आणि गाडी तिरपी चालू लागते.

काळ्या मातीच्या पांदणीवर (शेतरस्त्यावर) फोर बाय फोरचा, म्हणजे चारही चाकांना जोर देणारा, पर्याय (काही मॉडेलना मिळतो) खर्चाच्या मानाने खरोखर उपयोगी आहे, मात्र गाडी बारमाही शेतापर्यंत जात असेल तरच. साधी पिकअप मागच्या चाकांवर चालते. रिकामी असताना मागे वजन नसल्याने चाके जागीच फिरतात; भरलेली असली की रुततात. अशा वेळी अर्ध्या क्लचवर रेस देत राहिल्यास क्लच प्लेट जळते. चाकापुढचा चिखल फावड्याने काढून पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडे) किंवा बारदाना टाकावा, दुसऱ्या गिअरमध्ये हळू क्लच सोडावा.

हंगामात सोयाबीन-तुरीचे कुटार (मळणीनंतरचा भुसा) आणि कापसाचे तंतू रेडिएटरच्या जाळीत बसतात व इंजिन तापते. हवा किंवा पाणी इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेने मारावे; उलट मारल्यास कचरा आत दबतो. एअर फिल्टरही याच दिवसांत लवकर तुंबतो. धूरगाळणी (डीपीएफ) असलेल्या बीएस-6 गाडीत काजळी जाळताना सायलेन्सर फार तापतो, म्हणून गाडी वाळलेल्या कुटारावर उभी करू नये. उन्हाळ्यात टायर गरम असताना हवा वाढलेली दिसली तरी सोडू नये. सकाळी थंड टायरमध्ये मोजावी.

एकूण वजन 3,000 किलोंपेक्षा जास्त असेल तर गाडीला मालवाहतुकीचा परवाना (परमिट) लागतो. 7,500 किलोंपर्यंतच्या मालवाहू गाडीला हलक्या वाहनाचे लायसन चालते, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये स्पष्ट केले. जादा भाराला 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 रुपये दंड आहे. कापूसवेचणीचे मजूर हौद्यात बसवून नेणे बेकायदा आहे आणि अपघात झाल्यास विमा कंपनी त्यांची भरपाई नाकारू शकते.