‘मॉडेल नेहमी जास्तच आकडा देतं’, हा गैरसमज

युरोपात रीच या रसायनविषयक कायद्याच्या कामात एक समज चांगलाच मुरला आहे: इसेटॉक टीआरएसारखं पहिल्या पायरीचं, म्हणजे थोडक्या माहितीवर चालणारं मॉडेल कामाच्या जागी हवेतल्या रसायनाचा अंदाज मुद्दाम वाढवूनच देतं, म्हणून आकडा कामगारांसाठीच्या सुरक्षित मर्यादेखाली आला की काळजी मिटली. तसं नाही. जर्मनीतल्या बाउआ या कामगार-सुरक्षा संस्थेच्या ईटीम प्रकल्पात हे अंदाज प्रत्यक्ष मोजमापांशी ताडून पाहिले, तेव्हा काही कामांत ते कमी पडले. शिवाय एकाच कामाची माहिती वेगवेगळ्या लोकांनी भरली, तर उत्तरंही फार वेगळी आली.

टोल्युइन हा द्रावकच घ्या. 20 अंशांना त्याचा बाष्पदाब (द्रवाची वाफ किती सहज होते याचं माप) सुमारे 2.9 किलोपास्कल, 40 अंशांना जवळपास 7.9. टीआरए बाष्पदाबाचे फक्त गट पाडतं आणि त्याचा मध्यम गट 0.5 ते 10 किलोपास्कलचा. म्हणजे बाष्पदाब अडीचपटीहून वाढला तरी उत्तर तेच!

खरी गोम मात्र ‘जागेवर वाफ ओढणारा एक्झॉस्ट आहे’ या पर्यायात. तो निवडला की कारखान्यातल्या बहुतेक कामांचा आकडा थेट एक दशांशावर येतो. पण एक्झॉस्टचं तोंड, म्हणजे हूड, कामापासून 15 सेंटिमीटरवरून 30 वर सरकला की ओढ साधारण चौथाई उरते. हे मॉडेलला कोण सांगणार? आकडा मर्यादेच्या आसपास असेल तर सरळ कामगाराच्या अंगावर हवेचे नमुने घेणारा पंप लावून मोजा. अशा मोजमापांच्या ईएन 689 या युरोपीय मानकानुसार तीनच नमुन्यांवर भागवायचं तर तिन्ही मर्यादेच्या 10 टक्क्यांखाली हवेत. एखादा त्याहून वर, पण मर्यादेच्या आत असला, तर आणखी नमुने घ्यायचे.