चाकांची अलाइनमेंट: यंत्राआधीची तयारी

समजा, गाडीचे पुढचे एक चाक सरळ दिशेपासून फक्त पाव अंशाने तिरके आहे. हा तिरकेपणा डोळ्यांना दिसत नाही, पण गाडी सरळ जात असताना ते चाक वेगळ्याच दिशेने जाऊ पाहते आणि त्यामुळे दर किलोमीटरला सुमारे ४.४ मीटर आडवे घासले जाते. हजार किलोमीटरमध्ये हे घासणे चार किलोमीटरच्या वर जाते. अशा टायरच्या पृष्ठभागावरून तळहात आडवा फिरवला, तर एका दिशेने तो गुळगुळीत लागतो आणि उलट दिशेने करवतीच्या दात्यांसारखा खरखरतो. ही परीक्षा कोणालाही घरी करता येते.

वरून पाहताना दिसणाऱ्या या कोनाला ‘टो’ म्हणतात आणि टायरची सर्वाधिक झीज सहसा त्याच्यामुळेच होते. समोरून पाहताना चाक आत किंवा बाहेर किती झुकले आहे, ते ‘कॅम्बर’ सांगतो. तो बिघडला की टायरची एकच कड झिजते. ‘कॅस्टर’ म्हणजे बाजूने पाहताना स्टीअरिंगच्या अक्षाला असलेला कल. त्याने टायर फारसा झिजत नाही, परंतु वळणानंतर स्टीअरिंग आपोआप सरळ होण्याचा गुण मुख्यतः त्याच्यामुळे येतो.

हे कोन मोजून चाके योग्य दिशेत जुळवणे म्हणजे अलाइनमेंट. तिचे यंत्र हे कोन अंशाच्या साठाव्या भागापर्यंत, म्हणजे मिनिटांपर्यंत मोजते. मात्र चारही टायरमधील हवा ठरलेल्या दाबाची नसेल, बॉल जॉइंट (चाकाला वळू देणारा गोल सांधा) किंवा टाय-रॉडचे (स्टीअरिंगला चाकाशी जोडणाऱ्या दांड्याचे) टोक सैल असेल किंवा सस्पेन्शनचे बुश (सांध्यांतील रबरी तुकडे) फाटले असतील, तर पडद्यावरचा अचूक आकडा निरर्थक ठरतो, कारण रस्त्यावर भार येताच चाक पुन्हा हलते. म्हणून चाक हातांनी धरून, हलवून खेळ (सैलपणा) तपासणे हे अलाइनमेंटचे पहिले काम आहे, आणि घाईत नेमके तेच वगळले जाते. रिम किंचित वाकडी असली किंवा चाकावर सेन्सर धरून ठेवणारा क्लॅम्प तिरका बसला, तरीही मापात चूक शिरते. गाडी थोडी पुढे-मागे ढकलून किंवा चाक फिरवून यंत्राला ती चूक वजा करू द्यावी लागते.

समायोजनाची सुरुवात मागच्या चाकांपासून होते. मागची दोन्ही चाके मिळून गाडीला ज्या दिशेने नेऊ पाहतात, तिच्याशी पुढची चाके जुळवली नाहीत, तर पडद्यावर सगळे आकडे हिरवे, म्हणजे मर्यादेत, दिसूनही सरळ रस्त्यावर स्टीअरिंग वाकडेच राहते. अनेक गाड्यांत मागचे कोन बदलण्याची सोय नसते. तरीही ते मोजणे आवश्यक आहे. त्यानंतर स्टीअरिंग मध्यावर पक्के करून पुढचा टो दोन्ही बाजूंनी लावतात. लॉकनट (टाय-रॉड जागी पक्का करणारा नट) आवळताना टाय-रॉड किंचित फिरू शकतो, त्यामुळे आवळल्यावर पुन्हा माप घेतले पाहिजे.

गाडी एका बाजूला ओढते, ही तक्रार प्रत्येक वेळी अलाइनमेंटची नसते. अडकलेला ब्रेक, टायरमधील दोष किंवा रस्त्याचा आडवा उतार यांनीही तसेच होते, आणि ठरावीक वेगाला स्टीअरिंग थरथरत असेल, तर बहुधा बॅलन्सिंग (चाकाचे वजन सर्व बाजूंनी समतोल करणे) करावे लागते. पुढचे दोन टायर आपसांत बदलल्यावर ओढ विरुद्ध बाजूला गेली, तर दोष टायरमध्ये आहे, हे उघड होते. मात्र फिरण्याची दिशा ठरलेले टायर असे बदलता येत नाहीत. काम झाल्यावर आधीचे आणि नंतरचे असे दोन्ही आकडे छापून मागावेत.