लायब्ररी कोणत्या कंपायलरवर तपासायची?

सी++ या प्रोग्रामिंग भाषेतली लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, इतरांना वापरायला द्यायची, तर ती कोणत्या कंपायलरवर (कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवणाऱ्या साधनावर) तपासली हे सांगता आलं पाहिजे. जीसीसी आणि क्लँग हे त्यातले दोन प्रमुख. जीसीसीची मोठी आवृत्ती दरवर्षी येते, क्लँगची वर्षातून दोनदा. सगळ्या आवृत्त्यांवर चाचण्या लावण्याचा मोह आवरावा. बहुतेक भानगडी सर्वांत जुनी आणि सर्वांत नवी आवृत्ती या दोन टोकांनाच सापडतात.

खालचं टोक वापरणाऱ्यांच्या मशीन ठरवतात. लिनक्सच्या वेगवेगळ्या वितरणांपैकी रेड हॅट ८ सोबत जीसीसी ८ येतो, उबुंटू २२.०४ सोबत ११, डेबियन १२ सोबत १२. यातल्या ज्यांना सांभाळून घ्यायचं, त्यातला सर्वांत जुना तो आपला तळ. मात्र ‘जीसीसी ८ ला सी++१७ (भाषेचं २०१७ चं मानक) येतं’ एवढ्यावर विसंबू नये. फाइलसिस्टिमचं हेडर (कोडमध्ये ओढून घ्यायची, नावं जाहीर करणारी फाइल) वापरलं, तर जीसीसी ८ मध्ये लिंक करताना, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे जोडताना, त्यासाठी वेगळी लायब्ररी जोडावी लागते. ९ पासून ती लागत नाही. जीसीसी ४.८ ची तऱ्हा याहून वाईट. रेग्युलर एक्स्प्रेशनचं (मजकुरात नमुने शोधण्याच्या सोयीचं) हेडर तिथे होतं, कोड निमूटपणे कंपाइलही व्हायचा, पण चालवल्यावर फसायचा, कारण आतलं काम ४.९ मध्ये पुरं झालं. म्हणून तळाच्या आवृत्तीवर नुसतं बिल्ड करून (कोड कंपाइल आणि लिंक करून) भागत नाही, चाचण्या चालवाव्याच लागतात.

वरच्या टोकाला नवा कंपायलर जुन्या कोडचा आळस उघडा पाडतो. जीसीसी १३ वर अनेक प्रकल्प ‘यूइंट३२_टी कुठे आहे?’ म्हणत अडले. पूर्णांकाच्या एका प्रकाराचं हे नाव आजवर भलत्याच हेडरमधून आपसूक मिळत होतं. त्या हेडरांची साफसफाई झाली आणि ते मिळेनासं झालं. उपाय एका ओळीचा: सीएसटीडीइंट हे हेडर स्वतः घ्यायचं.

भाषेचं मानक बिल्डच्या फाइलमध्ये स्पष्ट लिहावं. न लिहिल्यास जीसीसी ६ ते १० सी++१४ धरतात, ११ ते १५ सी++१७. तोच कोड, दोन मशीनवर दोन भाषा!

क्लँग घेतला म्हणजे वेगळी चाचणी झाली, असंही नाही. लिनक्सवर तो बहुधा जीसीसीचीच स्टँडर्ड लायब्ररी वापरतो. एक फेरी क्लँगच्या प्रकल्पातल्या एलआयबीसी++ या स्टँडर्ड लायब्ररीवर हवी. ॲपलच्या क्लँगचे आवृत्तीचे आकडे मूळ क्लँगशी जुळत नाहीत, तेव्हा दोन्हींची तुलना आकड्यावरून करू नये.

तयार बायनरी (आधीच कंपाइल केलेली फाइल) वाटायची असेल, तर ती जुन्या सिस्टिमवर बांधावी. जीसीसी १२ च्या मशीनवर बांधलेली फाइल जुन्या सर्व्हरवर ‘जीएलआयबीसीएक्सएक्स ३.४.३० सापडलं नाही’ (म्हणजे तिथली जीसीसीची स्टँडर्ड लायब्ररी जुनी आहे) म्हणत अडू शकते. जुनं नव्यावर सहसा चालतं, उलट चालेलच असं नाही. लिंक करताना न सापडलेल्या नावांत ‘सीएक्सएक्स११’ दिसलं, तर संशय २०१५ च्या जीसीसी ५ वर घ्यावा. त्यात स्ट्रिंग आणि लिस्टची अंतर्गत मांडणी बदलली. जुन्या-नव्या मांडणीचे तुकडे एकत्र जोडले की हे होतं.

कंपायलरच्या प्रत्येक इशाऱ्याला चूक मानण्याची सक्ती आपल्या चाचणी-यंत्रणेपुरती ठेवावी. ती प्रकाशित बिल्डमध्ये राहिली, तर उद्याच्या कंपायलरचा एखादा नवा इशारा वापरणाऱ्याचं बिल्ड पाडतो.

आणि सीएमेक या बिल्डच्या साधनात कंपायलर बदलताना बिल्डचं फोल्डर नवं घ्यावं. पहिल्या वेळी सापडलेला कंपायलर सीएमेक त्या फोल्डरातल्या कॅशमध्ये (नोंदींच्या साठ्यात) लिहून ठेवतो. नंतर कंपायलरचं नाव सांगणारा, सिस्टिमच्या पर्यावरणातला ‘सीएक्सएक्स’ हा चल कितीही बदला, जुन्या फोल्डरमध्ये चाचण्या जुन्याच कंपायलरवर हिरव्या दिसत राहतात.