‘टेस्टेड ओके’: मोटारीच्या रिले तपासणीमागची पार्श्वभूमी

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एखाद्या जुन्या फौंड्रीत मोटारीचं पॅनेल उघडलं की दाराच्या आतल्या बाजूला बहुतेक वेळा एक स्टिकर सापडतो: ‘ओएलआर टेस्टेड ओके’. खाली तारीख आणि वायरमनची सही. ओएलआर म्हणजे ओव्हरलोड रिले, मोटार जास्त करंट ओढू लागली की ती बंद पाडणारं उपकरण. ‘टेस्टेड’ या शब्दाचा अर्थ गेल्या तीन-चार दशकांत दोन-तीनदा बदलला, स्टिकर मात्र तोच राहिला. त्या गोंधळापायी चांगल्या चांगल्या मोटारी जळून रिवाइंडिंगला, म्हणजे तारांची वेटोळी नव्यानं भरायला, गेल्या आहेत.

सुरुवातीचा काळ थोडक्यात सांगतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथ आणि ऑइल इंजिनांची कामं वाढत होती तेव्हा मोटारी मोजक्या असत आणि अंगानं दांडग्या. थोडा जास्तीचा लोड त्या पचवत. संरक्षण म्हणजे फ्यूजची तार, नाहीतर स्टार्टरमधला तेलाचा डॅशपॉट. कॉइलमधला दट्ट्या तेलातून सावकाश वर सरकायचा आणि स्टार्टर पाडायचा. थंडीत तेल घट्ट झालं की उशीर, उन्हाळ्यात पातळ झालं की घाई. तपासणी म्हणजे तेल खुणेपर्यंत आहे का ते बघणं.

पुढं बायमेटल रिले आला. जास्त करंटनं त्यातल्या दोन धातूंच्या पट्ट्या तापून वाकतात आणि कॉन्टॅक्ट उघडतात. त्याच्यासोबत जे छोटं बटण आलं, त्याच्याबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं.

कुठं लाल, कुठं पिवळं, शेजारी ‘टेस्ट’ असं कोरलेलं. दाबलं की रिलेच्या ९५-९६ क्रमांकाच्या टर्मिनलांमधला कॉन्टॅक्ट उघडतो, मोटारीला वीज जोडणारा कॉन्टॅक्टर धाडकन पडतो, मोटार थांबते. बघणाऱ्याला वाटतं, रिलेनं काम केलं. पण मोटार ओव्हरलोड झाली तर रिले पडेल का, या प्रश्नाला या सगळ्यात हातच लागलेला नसतो. पट्ट्या तापून वाकल्या म्हणून कॉन्टॅक्ट उघडला असं घडलेलं नाही, बोटानं उघडला. यातून कळतं ते एवढंच की कॉन्टॅक्ट मोकळा आहे, कंट्रोलची वायर जागेवर आहे आणि कॉन्टॅक्टर सुटतो. हेही कमी नाही. कॉन्टॅक्टरचे पॉइंट चिकटून बसले असतील किंवा कुणी ९५-९६ वर लूप (थेट जोडणारी वायर) मारून ठेवला असेल, तर ते बटणानंच सापडतं. पण पट्टी गंजली, मागच्या शॉर्टसर्किटात वाकली ती वाकलेलीच राहिली, डायल सैल होऊन भलत्याच आकड्यावर गेला, यातलं काहीही बटण सांगत नाही.

देखभालीच्या वहीत ‘दर महिन्याला रिले टेस्ट’ असा रकाना आला आणि वायरमननं त्याचा सरळ अर्थ लावला: बटणावर टेस्ट लिहिलंय, ते दाबायचं. त्याला दोष देता येत नाही. मेंटेनन्सवाल्यांचं म्हणणंही खोटं नाही. फर्नेस चालू असताना मुलरची (वाळू मळणाऱ्या यंत्राची) मोटार सोडून रिले टेबलावर कोण नेणार? बटणाला अर्धा मिनिट लागतो, उत्पादन थांबत नाही. तरीही माझं मत पक्कं आहे: त्या रकान्यात ‘बटण दाबून ट्रिप बघितला’ असंच लिहावं. ‘टेस्टेड ओके’ लिहिलं की पुढच्या माणसाला वाटतं करंट देऊन तपासलंय, आणि तो वर्षानुवर्षं पुन्हा तपासत नाही.

करंट देऊन तपासण्याची पद्धत कोल्हापुरात टेबलावरच रुजली. सामान साधं: व्होल्टेज कमी-जास्त करणारा डिमरस्टॅट, जाड केबल गुंडाळलेला लोडिंग ट्रान्सफॉर्मर, वायरीभोवती चिमट्यासारखा धरून करंट मोजणारा टाँगटेस्टर आणि स्टॉपवॉच. समजा रिले १६ अँपिअरवर सेट आहे. तपासणी त्याच्या ७.२ पटीला होते, म्हणजे साधारण ११५ अँपिअरला. आधी रिलेला बायपास करून करंट जुळवून घ्यायचा, कारण डिमर फिरवण्यातच पाच सेकंद गेले तर पट्ट्या तोवर तापतात आणि वेळ खोटी येते. मग बायपास काढायचा, घड्याळ चालू, आणि ‘टक’ वाजेपर्यंत नजर हलवायची नाही. रिले किती सावकाश पडतो त्यावरून त्याचा क्लास ठरतो. क्लास १० चा रिले थंड अवस्थेतून ४ ते १० सेकंदांत पडला पाहिजे, क्लास २० चा ६ ते २०, क्लास ३० चा ९ ते ३०. हे आकडे १९९३ च्या आयएस १३९४७ या भारतीय मानकांच्या मालिकेतून आणि पुढं आयएस/आयईसी ६०९४७-४-१ मधून आपल्याकडं आले. क्लास १० म्हणजे दहा सेकंदांत पडतो, असं सरसकट म्हटलं जातं. ते फक्त ७.२ पटीला खरं आहे. सेटिंगइतक्या करंटवर तापलेल्या त्याच रिलेला दीडपट करंट दिला तर पडायला ४ मिनिटांपर्यंत मुभा आहे. १.०५ पटीला त्यानं दोन तास पडताच कामा नये आणि १.२ पटीला दोन तासांच्या आत पडलं पाहिजे. ही शेवटची जोडी कारखानदार आपल्या प्रयोगशाळेत करतो, पॅनेलवाल्याच्या टेबलावर कधीच होत नाही.

या टेबलावर दोन चुका फार चालत. एक, रिले थंड न होऊ देता लगेच दुसरा शॉट द्यायचा. गरम रिले कितीतरी लवकर पडतो आणि ‘फास्ट आहे’ म्हणून चांगला रिले भंगारात जातो. दुसरी, एकाच पोलमधून, म्हणजे रिलेच्या तीन फेजच्या वाटांपैकी एकीतूनच, करंट द्यायचा. तीनही पोल सिरीजमध्ये जोडल्याशिवाय आलेली वेळ धरायची नाही, कारण फेज जाण्याला संवेदनशील असलेल्या रिलेत एकाच पट्टीचं वाकणं बघून सरकपट्टी (पट्ट्यांचं वाकणं कॉन्टॅक्टपर्यंत पोचवणारा भाग) लवकर ढकलली जाते.

ही सरकपट्टी का आली, हे उद्यमनगरातल्या रिवाइंडरच्या दारात कळतं. डेल्टा जोडणीची (तीन वाइंडिंगं त्रिकोणात जोडलेली) जळकी मोटार उघडली की वाइंडिंगचा एक फेज कोळशासारखा काळा आणि बाकीचे दोन वार्निशनं चकचकीत, असं दिसतं. फेज गेल्याची ही सही आहे. स्टारमध्ये (तीनही वाइंडिंगांचं एकेक टोक एकत्र जोडलेलं) उलटं, दोन जळतात आणि एक वाचतो. साधारण ६० टक्के लोडवर चाललेल्या डेल्टा मोटारीचा एक फेज गेला तर उरलेल्या दोन लाइनींत करंट जेमतेम फुल लोडइतका होतो. जुना रिले समजतो सगळं ठीक आहे. आत मात्र एका वाइंडिंगवर त्याच्या ठरल्या करंटपेक्षा वीसेक टक्के जास्त बोजा असतो. यावर उपाय म्हणून व्होल्टेज बघून फेज गेल्याचं ओळखणारे प्रिव्हेंटर शेतीपंपांवर आणि कारखान्यांत सर्रास लागले. पण फिरती मोटार स्वतःच गेलेल्या फेजवर व्होल्टेज उभं करते, आणि प्रिव्हेंटरच्या पुढं वायर तुटली तर त्याला पत्ताच लागत नाही. करंट बघणारं संरक्षण खरं, हे पटायला बरीच वाइंडिंगं जळावी लागली.

मोटार स्टारमध्ये सुरू करून मग डेल्टात चालवणाऱ्या स्टार-डेल्टा स्टार्टरच्या सेटिंगचाही असाच घोळ. २० एचपीच्या मोटारीच्या प्लेटवर २८ अँपिअरच्या आसपास आकडा असतो. रिले वाइंडिंगच्या वाटेत असेल तर तो ०.५८ पटीवर, म्हणजे १६ वर लावायचा. २८ वर लावलेला रिले टेबलावर निर्दोष पास होतो आणि पॅनेलमध्ये काहीच राखत नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं, नदीकाठच्या उपसा योजनांचे स्टार्टर पाण्याखाली गेले. पाणी ओसरल्यावर धुऊन, उन्हात वाळवून रिले परत बसवण्याची धांदल उडाली. त्यातले काही माझ्या टेबलावर आले. बटण दाबलं की खणखणीत ‘टक’. करंट दिला तर दोन-तीन रिले मिनिटभर गप्प. सरकपट्टीत गाळ बसलेला. बटणावर विसंबलेल्या तपासणीचा इतका ढळढळीत पुरावा मी दुसरा पाहिला नाही.

या सगळ्याच्या वरताण आता न्यूमेरिकल, म्हणजे करंटचं गणित आकड्यांत करणारे, रिले आलेत. साखर कारखान्यांच्या मोठ्या एचटी (उच्च दाबाच्या) मोटारींवर ते आधी दिसले, मग फौंड्र्यांच्या एलटी (कमी दाबाच्या) पॅनेलांतही. एकाच डबीत थर्मल ओव्हरलोड, असमतोल, अर्थ फॉल्ट, अडकलेला रोटर, तासाला किती स्टार्ट घेतले याचा हिशेब. त्यांचं थर्मल गणित आयईसी ६०२५५-८ च्या, आणि २०१३ पासून ६०२५५-१४९ च्या चौकटीतलं. तपासायला सेकंडरी इंजेक्शनचा, म्हणजे रिलेला बाहेरून लहान करंट देणारा, किट: सीटीच्या (मोठा करंट लहान करून रिलेला देणाऱ्या करंट ट्रान्सफॉर्मरच्या) वायरी लिंकवर शॉर्ट करायच्या, मगच रिलेकडं जाणारी बाजू सोडायची, कारण चालू लाइनवर सीटीची सेकंडरी उघडी राहिली तर तिथं जीवघेणं व्होल्टेज येतं. मग एक किंवा पाच अँपिअरच्या पटीत करंट द्यायचा आणि वेळ नोंदवायची. रिपोर्ट सुंदर छापून येतो.

आणि ‘टेस्ट’ या शब्दाचा जुना घोळ इथं नव्या रूपात भेटतो. रिलेच्या तोंडावर ‘हेल्दी’ असा हिरवा दिवा जळतो. तो दिवा रिलेच्या पोटातल्या सर्किटबद्दल बोलतो. सीटी आणि तिच्यापासून आलेली वायर त्याच्या कक्षेबाहेर असतात. इंजेक्शनही रिलेच्या टर्मिनलपासूनच सुरू होतं. पॅनेलमध्ये सीटी २०० ला ५ ची (२०० अँपिअरचे ५ करणारी) आहे आणि सेटिंगमध्ये कुणी १०० ला ५ भरलंय, तर किटवर एकही पॉइंट चुकत नाही. पण ९० अँपिअर ओढणारी मोटार रिलेला ४५ ची दिसते आणि ओव्हरलोड कधी दिसतच नाही. म्हणून हल्ली काही ठिकाणी रिपोर्टाला एक हातानं लिहिलेली ओळ जोडतात. लिंका पूर्ववत करून मोटार लोडवर चालवायची, तीनही फेजवर टाँगटेस्टर लावायचा आणि तो आकडा रिलेच्या पडद्यावरच्या आकड्याशेजारी लिहायचा. त्यानंतर रिलेकडून खरा ट्रिप देऊन कॉन्टॅक्टर किंवा ब्रेकर पडतो का ते बघायचं. या दोन्ही नोंदी झाल्यावरच दारावर नवा स्टिकर लागतो.