सी भाषेतील स्ट्रिंगचे रूपांतर आणि तुलना

मजकुराचा आकडा करणे, आकड्याचा मजकूर करणे, इंग्रजी अक्षरे लहान-मोठी करणे आणि दोन मजकूर एकमेकांशी ताडून पाहणे या कामांसाठी सी भाषेत लिहिली जाणारी छोटी फंक्शने. त्यांतली नेहमीची काही मानक लायब्ररीतच, म्हणजे भाषेसोबत येणाऱ्या तयार फंक्शनांच्या संचातच, मिळतात. तरीही बहुतेक जुन्या, मोठ्या प्रकल्पांत अशा फंक्शनांची स्वतःची एक फाइल असतेच. ही फाइल वाचली की तो प्रकल्प कितपत सांभाळून लिहिला आहे, याचा अंदाज येतो.

डेनिस रिची यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅबमध्ये सी घडवली, तेव्हा स्ट्रिंग असा स्वतंत्र प्रकार तिला दिला नाही. स्ट्रिंग म्हणजे मेमरीत ओळीने मांडलेले बाइट आणि शेवटी शून्य मूल्याचा एक बाइट. लांबी कुठेही नोंदलेली नसते. हवी असेल तर शून्य सापडेपर्यंत मोजत जावे लागते. दोन स्ट्रिंग सारख्या आहेत का, हे दुहेरी बरोबर-चिन्हाने विचारले तर सी मजकूर पाहतच नाही, फक्त पत्ते ताडते. मजकूर तोच पण जागा वेगळी असेल, तर उत्तर नकारार्थी येते. म्हणून तुलनेसाठी ‘स्ट्रकम्प’ हे फंक्शन लागते.

स्ट्रकम्पची रचना चार ओळींची आहे. दोन्ही पॉइंटर (मेमरीतला पत्ता धरणारी चले) बरोबरीने पुढे न्यायचे, बाइट वेगळे निघाले किंवा पहिली स्ट्रिंग संपली की थांबायचे, आणि थांबलेल्या जागच्या बाइटांची वजाबाकी परत द्यायची. ती वजाबाकी बाइट अनसाइन्ड कॅर, म्हणजे ऋण मूल्य नसलेला एका बाइटचा प्रकार, मानून करायची, हा त्यातला बारकावा. साधा कॅर साइन्ड (ऋण मूल्येही घेणारा) की अनसाइन्ड हे सीने कंपायलरवर, म्हणजे कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमवर, सोडले आहे. इंटेल यंत्रांवर तो सहसा साइन्ड, तर लिनक्स चालवणाऱ्या आर्म यंत्रांवर अनसाइन्ड असतो. कास्ट (प्रकार बदलण्याची सूचना) विसरला तर १२७च्या वरचे बाइट एका यंत्रावर ऋण ठरतात, दुसऱ्यावर धन, आणि तीच यादी दोन ठिकाणी दोन क्रमांनी लागते.

उत्तर ऋण, शून्य किंवा धन असेल, एवढेच सीचे मानक, म्हणजे भाषेचे अधिकृत नियम, सांगते. ते उणे एक, शून्य किंवा एकच असेल असे कुठेही म्हटलेले नाही, आणि नेमके हेच अनेकांनी गृहीत धरलेले असते. याची किंमत २०१२मध्ये मायएसक्यूएल आणि मारियाडीबी या डेटाबेसांत दिसली. पासवर्डवरून काढलेले बाइट ‘मेमकम्प’ने (ठरावीक संख्येचे बाइट ताडणारे फंक्शन) ताडून त्याचे उत्तर एका बाइटच्या प्रकारात परत दिले जात होते. काही प्रणालींवरचे वेगवान मेमकम्प एका बाइटात न मावणारे आकडे देत असे. अशा आकड्याचा खालचा बाइट शून्य निघाला की प्रोग्रॅमच्या लेखी पासवर्ड जुळला. साधारण २५६ प्रयत्नांत एकदा कोणताही पासवर्ड चालून जाई. वापरकर्त्याचे नाव तेवढे माहीत हवे. चूक एका प्रकाररूपांतराची होती, तुलनेच्या तर्काची नव्हे.

यादी क्रमाने लावणाऱ्या ‘क्यूसॉर्ट’ला स्ट्रकम्प थेट देणे हा आणखी एक ठरलेला सापळा. क्यूसॉर्ट तुलनेच्या फंक्शनला घटकाचा पत्ता देते. घटक स्वतःच कॅरकडे बोट दाखवणारा पॉइंटर असल्याने हाती येतो तो पॉइंटरचा पॉइंटर. मध्ये एक छोटे फंक्शन घालून एक पायरी उतरावीच लागते. स्ट्रकम्पचा प्रकार जबरदस्तीने कास्ट करून हे टाळणारा कोड कंपाइल होतो आणि कचरा ताडतो.

रूपांतर हा याहून निसरडा भाग. मजकुराचा पूर्णांक करणारे ‘एटूआय’ हे फंक्शन सगळ्यांना आधी शिकवले जाते आणि खऱ्या कामात ते वापरू नये, असे स्पष्ट म्हणायला हरकत नाही. मजकुरात आकडाच नसेल तरी ते शून्य देते, खरोखर शून्य असेल तरी शून्यच; आणि आकडा इंटमध्ये (सीचा नेहमीचा पूर्णांक प्रकार) मावला नाही तर काय होईल याची मानकात हमी नाही. उत्तर आणि अपयश यांना एकच दार ठेवल्याचा हा परिणाम. ‘स्ट्रटोल’ने दारे वेगळी केली. वाचन कुठे थांबले ते एका पॉइंटरमधून कळते, आकडा न मावल्यास एर्नो या चुकांची नोंद ठेवणाऱ्या चलात इरेंज हा संकेत येतो. मात्र एर्नो आधी स्वतः शून्य करावा लागतो, कारण लायब्ररी तो कधीच पुसत नाही. शिवाय स्ट्रटोलच्या उत्तराचा लाँग हा प्रकार ६४-बिट लिनक्सवर ६४ बिटांचा आणि विंडोजवर ३२ बिटांचा असतो, म्हणून इंट हवा असेल तर त्याच्या मर्यादा वेगळ्या तपासाव्या लागतात. संख्यापद्धतीच्या पायाच्या जागी शून्य दिले की स्ट्रटोल पाया स्वतः ओळखते, आणि सुरुवातीला शून्य दिसले की अष्टमान (आठाच्या पायाची पद्धत) धरते. तारखांतले महिने असे वाचले तर जानेवारी ते जुलै बरोबर येतात; ऑगस्ट आणि सप्टेंबर शून्य होतात, कारण आठ आणि नऊ हे अष्टमान अंक नव्हेत; ऑक्टोबरपासून पुन्हा सुरळीत. वर्षातले दहा महिने ही चूक झाकलेली राहते.

स्वतः असे फंक्शन लिहिताना मोकळ्या जागा ओलांडायच्या, चिन्ह वाचायचे, मग दर अंकाला आधीची बेरीज दहाने गुणून अंक मिळवायचा. शून्य ते नऊ यांचे संकेत सलग असतील, ही हमी मानक देते, म्हणून बाइटमधून शून्याचा संकेत वजा केला की अंक हाती येतो. ए ते झेडबद्दल अशी हमी नाही; आयबीएमच्या मेनफ्रेमवरच्या एब्सिडिक संकेतांत आय आणि जे यांच्यामध्ये खंड आहे. मर्यादेची तपासणी गुणाकाराआधी करायची. नंतर केली तर बेरीज आधीच ओसंडलेली असते, आणि साइन्ड पूर्णांकाचे ओसंडणे अनिर्धारित (काय होईल ते मानकाने न ठरवलेले) असल्याने कंपायलरला ती तपासणी निरर्थक समजून काढून टाकण्याची मुभा आहे. उणे २१४७४८३६४८ हा ३२-बिट इंटमधला सर्वांत लहान आकडा. त्याचे धन रूप इंटमध्ये मावत नाही. म्हणून जाणकार बेरीज ऋण बाजूने जमवतात आणि शेवटी चिन्ह पालटतात. उलट दिशेचे ‘आयटूए’ मानकात नाहीच. सी९९ या मानकाच्या आवृत्तीत आलेले ‘एसएनप्रिंटएफ’ ते काम नीट करते.

वेगाचाही प्रश्न आहेच. ‘एसस्कॅनएफ’ने एकेक आकडा वाचणे निरुपद्रवी वाटते, पण अनेक लायब्ऱ्यांत ते दरवेळी उरलेल्या संपूर्ण स्ट्रिंगची लांबी मोजते. जीटीए ऑनलाइन हा खेळ सुरू व्हायला कित्येक मिनिटे लागत, त्याचे एक मोठे कारण सुमारे १० मेगाबाइटची जेसन (माहिती मजकूररूपात मांडण्याची एक पद्धत) फाइल अशा पद्धतीने वाचली जात होती, हे २०२१मध्ये एका हौशी प्रोग्रॅमरने शोधून काढले. कंपनीने दुरुस्ती स्वीकारून त्याला बक्षीस दिले.

फंक्शनांना नावे देतानाही जपावे लागते. ‘स्ट्र’, ‘मेम’, ‘इज’ किंवा ‘टू’ असे इंग्रजीत लिहून पुढे लहान लिपीतले अक्षर आले, तर ते नाव मानकाने भावी लायब्ररीसाठी राखलेले असते. अनेकांच्या घरगुती फायलींत असलेले, स्ट्रिंगची प्रत काढणारे ‘स्ट्रडप’ सी२३मध्ये खरोखरच मानकात दाखल झाले.

मराठी मजकुरापुढे ही सगळी फंक्शने बाइटांपलीकडे पाहत नाहीत. युनिकोड हा जगातल्या लिप्यांचा संकेततक्ता बाइटांत मांडणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि तिन्ही १२७च्या वर असतात. ते साइन्ड कॅरमधून थेट अंक ओळखणाऱ्या ‘इजडिजिट’ला दिले तर वर्तन अनिर्धारित. देवनागरी अंकांसाठी स्वतःच फंक्शन लिहावे लागते : पहिला बाइट २२४, दुसरा १६५, तिसरा १६६ ते १७५ यांमध्ये असेल, तर तिसऱ्यातून १६६ वजा करायचे. स्ट्रटोल सुरुवातीच्या ‘सी’ लोकॅलमध्ये (लोकॅल म्हणजे भाषा-प्रदेशानुसारची मांडणी) हे अंक ओळखत नाही आणि शून्य देते.

क्रमाची अडचण याहून चिवट आहे. युनिकोडात ळ हा ल-नंतर लगेच येतो, मराठी वर्णमालेत मात्र ह-नंतर. ‘काळा’ आणि ‘कावळा’ स्ट्रकम्पला दिले तर नवव्या बाइटवर १७९ आणि १८१ यांची गाठ पडते आणि काळा आधी लागतो. मराठी क्रमात कावळा आधी हवा. ‘ॲप’ थेट ‘हळद’च्या नंतर जाते, कारण ॲ हे अक्षर युनिकोडात २००८मध्ये मागाहून, तक्त्याच्या शेवटाजवळ घातले गेले. अ-ला चंद्र जोडून टाइप केलेला ॲ दिसायला तोच, पण बाइट वेगळे, म्हणून शोधात सापडत नाही.

भाषेच्या क्रमाने तुलना करण्यासाठी सीमध्ये ‘स्ट्रकोल’ आहे. मात्र प्रोग्रॅम ‘सी’ लोकॅलमध्ये सुरू होतो आणि तिथे स्ट्रकोल स्ट्रकम्पसारखेच वागते. ‘सेटलोकॅल’ने मराठी लोकॅल निवडल्यावरच फरक पडतो, तोही त्या यंत्रावरच्या लोकॅलमध्ये क्रम जसा भरला असेल तसा. मोठी यादी लावताना प्रत्येक शब्दाची ‘स्ट्रएक्सएफआरएम’ने एकदाच क्रमकळ (बाइट ताडले तरी भाषेचा क्रम देणारी स्ट्रिंग) करून ठेवतात आणि मग त्या कळा साध्या स्ट्रकम्पने ताडतात.