काटा भरलेला, तरी ‘स’ फाटतोय: मल्टिपाथ की अलाइनमेंट?

जुना एफएम ट्यूनर घरी येतो. अँटेना जोडली की सिग्नल मीटरचा काटा थेट उजव्या टोकाला जातो, स्टिरिओचा दिवा लागतो, खरखर औषधालाही नसते. आणि तरीही निवेदकाच्या तोंडी ‘स’ आला की तो फाटतो. ‘श’, ‘च’ यांनाही थुंकी उडाल्यासारखी एक कड येते. गाण्यात झांज किंवा व्हायोलिनची वरची पट्टी आली की तोच प्रकार.

याची दोन कारणं असू शकतात. एक, ट्यूनरचं अलाइनमेंट, म्हणजे आतल्या सर्किटांची नेमकी जुळवणी, वयोमानाने सरकलं आहे. दोन, ट्यूनर ठणठणीत आहे, पण लहर डोंगरावर किंवा इमारतींवर आपटून एकाहून अधिक वाटांनी अँटेनापर्यंत येते आहे, म्हणजेच मल्टिपाथ. कानाला दोन्हींचा त्रास जवळजवळ सारखाच वाटतो. उपाय मात्र अगदी वेगळे आहेत, आणि बहुतेक जण आधी डब्याला दोष देऊन मोकळे होतात. माझा अनुभव उलटा आहे. काटा भरलेला असताना आवाज फाटत असेल तर संशयाची सुई आधी अँटेनाकडे वळवावी.

‘स’च का फाटतो, ते आधी पाहू. एफएममध्ये आवाज जितका मोठा तितकी वाहक लहर, म्हणजे आवाज वाहून नेणारी रेडिओ लहर, आपल्या मूळ फ्रिक्वेन्सीपासून दूर झुलते, जास्तीत जास्त ७५ किलोहर्ट्झ इकडे आणि तेवढीच तिकडे. शिवाय प्रक्षेपण करताना वरचे स्वर मुद्दाम उचलून पाठवतात आणि ट्यूनर ते परत खाली बसवतो. त्यामुळे ‘स’सारखा उंच आणि जोरकस ध्वनी लहरीला थेट कडेपर्यंत नेतो. स्टिरिओचं नाजूक काम तर त्याहून वर चालतं. डाव्या-उजव्या आवाजातला फरक २३ ते ५३ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात बसवलेला असतो आणि १९ किलोहर्ट्झच्या पायलट टोनच्या आधाराने तो उलगडावा लागतो. कडेला जरा गडबड झाली की पहिला बळी इथेच जातो. आणि ती गडबड हवेतही होऊ शकते, डब्यातही.

हवेतली गडबड अशी. प्रकाशाच्या वेगाने जाणारी लहर एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर कापते. समजा, डोंगरावरून परतून आलेल्या लहरीला थेट लहरीपेक्षा ३ किलोमीटर जास्त चालावं लागलं, तर ती १० मायक्रोसेकंद उशिरा पोचेल. या दोन लहरी एकत्र आल्या की काही फ्रिक्वेन्सींवर एकमेकींना मारतात, काहींवर बळ देतात, आणि या १० मायक्रोसेकंदांच्या हिशेबात असे खड्डे दर १०० किलोहर्ट्झला पडतात. वाहक लहर तर एकूण १५० किलोहर्ट्झ झुलते आहे. म्हणजे प्रत्येक मोठ्या आवाजाला ती निदान एका खड्ड्यातून जाणारच. हळू बोलणं नीट ऐकू येतं आणि जोरात म्हटलेला ‘स’ फाटतो, त्याचं गणित हे.

डब्यातली गडबड वेगळ्या ठिकाणी होते. ट्यूनर कुठलंही स्टेशन आधी १०.७ मेगाहर्ट्झवर आणतो, तिथे सिरॅमिक फिल्टरांतून गाळतो आणि मग डिस्क्रिमिनेटर, म्हणजे डिटेक्टरची कॉइल, त्यातून आवाज वेगळा काढते. फिल्टरची खिडकी आणि डिस्क्रिमिनेटरचा मध्य एकाच जागी असायला हवा. चाळीस-पन्नास वर्षांत उष्णतेने आणि सुट्या भागांच्या म्हातारपणाने तो मध्य हलतो. मग लहर एका बाजूला सरळ रेषेत चालते आणि दुसऱ्या बाजूला वळणावर जाऊन आपटते. मोठे आवाज फाटतात ते त्या वळणावर.

आता घोडं नेमकं कुठे पेंड खातं, हे शोधायचं. त्याआधी ट्यूनर पंधरा-वीस मिनिटं तापू द्या. थंड ट्यूनरवर काढलेल्या निष्कर्षाला फारसा अर्थ नसतो.

पहिली कसोटी सोपी आहे: फाटतंय ते एकाच स्टेशनवर की सगळीकडे? अलाइनमेंट सरकलं असेल तर डायलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्या भक्कम स्टेशनांवर सारखाच त्रास होतो. मल्टिपाथ पक्षपाती असतो. एक स्टेशन वाईट, शेजारचं काचेसारखं स्वच्छ, तिसरं मधलं. सगळी स्टेशनं एकाच मनोऱ्यावरून येत असली तरी फ्रिक्वेन्सीनुसार खड्ड्यांची जागा बदलते, त्यामुळे त्रास कमी-जास्त होतोच.

दुसरी कसोटी मला सगळ्यांत भरवशाची वाटते, ती म्हणजे अँटेना हलवणं. १०० मेगाहर्ट्झला तरंगलांबी ३ मीटर असते. म्हणून घरातली साधी अँटेना अर्धा-एक मीटर सरकवली तरी लहरींचा मेळ पार बदलतो. त्या सरकवण्याने ‘स’ सुधारला किंवा आणखी बिघडला, तर मल्टिपाथ पक्का. कुणी खोलीत चालल्याने आवाज बदलतो, वरून विमान गेलं की काही क्षण फडफडतो, हीसुद्धा त्याचीच लक्षणं. डिस्क्रिमिनेटरला खोलीत कोण चालतंय याचं सोयरसुतक नसतं.

यात एक गंमत आहे. अँटेना फिरवत गेलात तर काटा जिथे सर्वांत वर जातो आणि आवाज जिथे सर्वांत स्वच्छ होतो, त्या जागा पुष्कळदा वेगवेगळ्या निघतात. सिग्नल मीटर फक्त ताकद मोजतो, शुद्धता नाही. म्हणूनच १९६०च्या दशकातल्या मॅरँट्झ १० बी या ट्यूनरच्या तोंडावर चक्क छोटा ऑसिलोस्कोप बसवला होता. त्याच्या पडद्यावर मल्टिपाथ डोळ्यांनी दिसायचा. नंतरच्या काही वरच्या दर्जाच्या ट्यूनरांना मागच्या बाजूला बाहेरचा ऑसिलोस्कोप जोडायला जागा असते. ती नसेल तर मीटरचा काटाच निरखून पाहा. जोरदार आवाजाला तो थरथरत असेल तर लहरीची ताकद आवाजाबरोबर वर-खाली होते आहे. भरपूर सिग्नल असताना चांगल्या एफएममध्ये तसं व्हायला नको.

तिसरी कसोटी नॉबची आहे, आणि ती डब्याचं पितळ उघडं पाडते. सेंटर मीटर (स्टेशन नेमकं लागलं की ज्याचा काटा मधोमध येतो) असलेला ट्यूनर घ्या, भक्कम स्टेशन लावा आणि नॉब अगदी केसभर इकडे-तिकडे फिरवा. काटा मध्यावर असताना आवाज फाटतो आणि थोडा बाजूला सरकल्यावर स्वच्छ होतो, असं प्रत्येक स्टेशनवर आणि एकाच बाजूला होत असेल, तर डिस्क्रिमिनेटरचा मध्य सरकलेला आहे. काही ट्यूनरांत नॉबवर बोट असेपर्यंत लॉक सुटलेला असतो आणि बोट काढलं की सर्किट स्टेशनला स्वतः मध्यावर ओढतं. अशा ट्यूनरमध्ये हाताने लावलेलं स्टेशन स्वच्छ लागतं आणि हात काढताच बिघडतं. हे पाहिलं की मी पुढची तपासणी करत नाही.

डिजिटल सिंथेसायझर असलेल्या ट्यूनरवर ही कसोटी अपुरी पडते, कारण तो ठरलेल्या पायऱ्यांनीच चालतो. पायरी ५० किलोहर्ट्झची असेल तर एक पायरी बाजूला जाऊन ऐकता येतं. तिथे आवाज सुधारला, तर संशयाला जागा आहे. आकड्यांचा डिस्प्ले असलेला प्रत्येक ट्यूनर सिंथेसायझरवाला नसतो, हेही ध्यानात असू द्या.

मोनोचं बटण दाबून बघा असं सगळेच सांगतात. दाबा, पण त्यावर निकाल देऊ नका. मोनोत मल्टिपाथही बराच निवळतो आणि स्टिरिओ डिकोडरचा बिघाडही लपतो. मोनोतही फाटणं जवळजवळ तसंच राहिलं तर मात्र डिस्क्रिमिनेटर किंवा फिल्टर यांच्यावरचा संशय वाढतो. खरखर मोनोत गेली तर तो वेगळाच मामला आहे: सिग्नल कमी पडतो आहे, कारण स्टिरिओत एफएमचा गोंगाट २० डेसिबेलहून अधिक वाढतो.

तरीही खात्री पटत नसेल तर अँटेना काढून ठेवा आणि गाडीत फोनवरची गाणी ऐकायला वापरतात तो छोटा एफएम ट्रान्समीटर ट्यूनरपासून थोडा दूर ठेवून लावा. त्याचा आवाज काही उच्च दर्जाचा नसतो, पण त्याच्या वाटेत डोंगर नाही. त्यावर ‘स’ नीट आला तर ट्यूनर निर्दोष.

उपायांत ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ हा प्रकार सर्रास दिसतो. मल्टिपाथवर बूस्टर लावतात. बूस्टर थेट लहर आणि परतलेली लहर दोन्ही सारख्याच मोठ्या करतो, त्यामुळे काटा वाढतो आणि आवाज तसाच राहतो. इथे हवी ती दिशा धरणारी यागी अँटेना, शक्य तितकी उंच आणि काट्याकडे नाही तर कानाकडे लक्ष देऊन फिरवलेली. चपटी ३०० ओहमची पट्टी वापरत असाल तर ती काढून ७५ ओहमची कोएक्सियल केबल लावून पाहा, जागेवर बालन, म्हणजे ३०० आणि ७५ ओहमचा मेळ घालणारा छोटा भाग, बसवून. पट्टी स्वतःच वाटेत लहरी पकडू शकते.

उलट चूक जास्त महागाची आहे. अँटेनाचा दोष असताना झाकण उघडून कॉइलचे कोर, म्हणजे आतले फिरवता येणारे गाभे, फिरवले की चांगला ट्यूनर खरोखरच बिघडतो. धातूच्या स्क्रू ड्रायव्हरने तर कोर तडकतात, आणि कॉइलजवळ धातू आला की मोजमापही हलतं. सिग्नल जनरेटर आणि डिस्टॉर्शन मोजायची सोय नसेल तर कोरांना हात लावू नये, हे मी हट्टाने सांगतो. घरी करण्यासारखं काम गँगचं, म्हणजे नॉबबरोबर फिरणाऱ्या पात्यांच्या कपॅसिटरचं आहे. नॉब फिरवताना कुरकुर होते, स्टेशन उडी मारतं, तेव्हा गँगच्या दांड्याला टेकणाऱ्या पत्र्यांचे संपर्क मळलेले असतात. तिथे कॉन्टॅक्ट क्लीनरचा एखादा थेंब पुरतो. पात्यांवर फवारा मारू नका.

विकत घेताना हाच फरक पैशात उतरतो. ‘सर्व्हिस केलेला’ या शब्दांवर जाऊ नका. अलाइनमेंट केलं का आणि कशावर केलं, ते विचारा. व्हिडिओ मागवा, पण तीन-चार स्टेशनांचा, सेंटर मीटर आणि स्टिरिओचा दिवा दिसेल असा, आणि संगीताऐवजी बोलण्याचा. एकाच स्टेशनवर फाटतं असं दिसलं तर तो विक्रेत्याच्या गच्चीचा दोष असू शकतो, ट्यूनर सोडून देऊ नका. सगळीकडे एकाच बाजूला सरकून स्वच्छ होत असेल तर अलाइनमेंटचा खर्च वजा करून बोला. आवाज फाटत नाही, नुसताच मंद वाटतो, तर डी-एम्फसिस, म्हणजे उचलून पाठवलेले वरचे स्वर परत खाली बसवण्याचं प्रमाण, तपासा: अमेरिकेसाठीच्या ट्यूनरांत ते ७५ मायक्रोसेकंदांचं असतं आणि ५० वापरणाऱ्या देशांत असा ट्यूनर वरचे स्वर दाबतो. जपानच्या अंतर्गत बाजारासाठी बनलेले जुने ट्यूनर १०० व्होल्टवर चालतात आणि ९० मेगाहर्ट्झच्या आसपास थांबतात, त्यामुळे १०८पर्यंतची बहुतेक स्टेशनं त्यांच्यावर लागणारच नाहीत.